फॅफ्सा भरला, तरी पैसे का अडले? कम्युनिटी कॉलेजात एड घेताना या चुका टाळा

"फी युनिटला ४६ डॉलर. बारा युनिटांचे ५५२. एवढ्यासाठी कोण तो फॉर्म भरत बसणार?"

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात मी खिडकीवर बसते. हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं, कधी कधी अस्सल मराठीत. युनिट म्हणजे इथे कोर्स मोजायचं माप. गुणाकार बरोबर असतो, पण हिशेब चुकलेला असतो. कम्युनिटी कॉलेजात फी हा सगळ्यात लहान खर्च. पुस्तकं, बस, गाडीचा विमा, घरभाडं आणि दुपारचं जेवण हा खरा खर्च, आणि एड, म्हणजे शिक्षणासाठीची आर्थिक मदत, त्यासाठीच असते. केंद्र सरकारची एड मागण्याचा फॉर्म म्हणजे फॅफ्सा.

राज्याच्या कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटमध्ये बसलात तर ती युनिटची फी माफ होते. त्याच्यावर केंद्र सरकारची पेल ग्रँट मिळाली (हे कर्ज नव्हे; २०२५-२६ साठी वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर), तर फी आधीच माफ असल्यामुळे तिचा बराचसा भाग थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. फी माफीचा वेगळा छोटा अर्ज आहे. तो भरून "आपलं काम झालं" म्हणून फॅफ्सा सोडून देणारी मुलं पाहिली की मला हळहळ वाटते. फी माफ झाली, पण हातात येणारे पैसे गेले.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. चुकीच्या भरलेल्या रकान्यामुळे अडलेले पैसे बहुतेक वेळा सुटतात. आम्हाला न विचारता घेतलेल्या निर्णयामुळे गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत. खालच्या चुका त्या क्रमाने आहेत, आधी सुटणाऱ्या आणि मग न सुटणाऱ्या.

नाव कुठलं लिहायचं?

आपल्या लोकांचे फॉर्म सगळ्यात जास्त इथे अडतात. पासपोर्टवर मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र 'गिव्हन नेम'मध्ये, शाळेत फक्त तिचं नाव, आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर तिसरंच काहीतरी. फॅफ्साचं खातं उघडताना नाव, जन्मतारीख आणि नंबर ही माहिती सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी ताडून पाहतात. त्यामुळे कार्डावर जसं छापलंय, तसंच लिहा. शाळेच्या दाखल्यावर काय आहे ते इथे कोणी विचारत नाही.

आयांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. सोशल सिक्युरिटी नंबर माहेरच्या नावाने काढलेला, नंतर नूतनीकरण केलेला पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हे प्रत्येक कागदावर वेगळं. अशा वेळी फॅफ्सावर पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसू नका. आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसात नोंद दुरुस्त करून घ्या.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. ५ जुलैला जन्मलेला मुलगा सवयीने ०५/०७ लिहितो आणि सरकारच्या लेखी ७ मे रोजी जन्माला येतो. इथे महिना आधी.

आणि बाबांचं खातं मुलाने स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडायचं नाही. एक ईमेल, एक फोन, एक खातं. ज्या पालकाची माहिती लागते त्याने स्वतः आत जाऊन संमती द्यायची असते. पालकाने टॅक्स भरलेला नसला तरी संमती लागतेच, आणि ती नसेल तर केंद्राची एड शून्य. आईवडिलांनी टॅक्स एकत्र भरला असेल तर मात्र दोघांपैकी एकानेच हे केलं तरी चालतं. हे माहीत नसल्यामुळे किती घरांत रात्री अकरा वाजता भांडणं झाली असतील!

नागरिकत्वाचा रकाना घाईत भरू नका

ग्रीन कार्डवाले फॅफ्सा भरू शकतात. त्यांनी 'पात्र अनागरिक' हा पर्याय निवडून कार्डावरचा ए-नंबर घालायचा. एच-फोर (एच-वन-बी व्हिसावरच्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना केंद्राची एड नाही, मग बारावीपर्यंतचं सगळं शिक्षण इथेच झालेलं असो. हे कटू आहे, पण असंच आहे.

पुढे जाता यावं म्हणून 'नागरिक' हा पर्याय निवडणं ही मात्र या लेखातली सगळ्यात धोकादायक चूक. नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणं इमिग्रेशनच्या कायद्यात फार गंभीर धरतात, आणि ते पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी समोर येऊन उभं राहू शकतं. चुकून झालं असेल तर लगेच ऑफिसात या, आणि इमिग्रेशनच्या वकिलाशीही बोला.

एच-फोरच्या मुलांनी सरळ पाठ फिरवू नये. एच-फोरवर कॅलिफोर्नियात वर्षाहून जास्त काळ राहणारा विद्यार्थी राज्याचा रहिवासी ठरू शकतो आणि बाहेरच्यांसाठीची, कितीतरी पट जास्त असलेली फी वाचू शकते. तो निर्णय प्रवेश विभाग घेतो, आम्ही नाही. कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांच्या अटीही वेगळ्या असतात. विचारायला पैसे पडत नाहीत.

"माझी इथली डिग्री कुठे आहे?"

चाळिशीच्या आसपासच्या बायका येतात. बऱ्याच वर्षांनी ग्रीन कार्ड हातात आलेलं, मुलं मोठी झालेली, आता अकाउंटिंग किंवा बालशिक्षणाचा कोर्स करायचा असतो. फॉर्मवर 'पहिली बॅचलर्स डिग्री आहे का?' या प्रश्नाला त्या बिनधास्त 'नाही' म्हणतात. पुढे ट्रान्सक्रिप्ट (जुन्या कॉलेजचं गुणपत्रक) तपासताना पुणे विद्यापीठाचं बी.कॉम. निघतं.

त्यांचं म्हणणंही खोटं नसतं. ज्या डिग्रीला इथे नोकरीत कोणी विचारत नाही, ती डिग्री आहे असं का धरायचं? पण नियमात भारतातली बॅचलर्स डिग्रीही डिग्रीच, आणि ती असली की पेल मिळत नाही. कळायच्या आत पैसे घेतले असतील तर परत करावे लागतात. म्हणून आधीच खरं सांगा. फी माफीच्या प्रॉमिस ग्रँटला जुनी डिग्री आड येत नाही. ज्या कॉलेजात केंद्राचं कर्ज मिळतं तिथे तोही मार्ग आहे, मात्र सगळी कम्युनिटी कॉलेजं कर्ज देत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीचा पगार आणि आजचं घर

फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न पाहतो. २०२६-२७ च्या फॉर्मवर २०२४ चं. या भागात दोन वर्षांत काय काय होतं ते वेगळं सांगायला नको. २०२४ मध्ये दोन पगार होते, आता एकाची नोकरी गेलीय. फॉर्म मात्र अजून दोन पगारच पाहतो. मग 'तुम्ही पात्र नाही' असं उत्तर आलं की लोक कॉम्प्युटर बंद करतात.

तेव्हाच आमच्याकडे यायचं असतं. नोकरी जाणं, घटस्फोट, घरातल्या कोणाचा मृत्यू, मोठं आजारपण अशा कारणांनी परिस्थिती बदलली असेल तर ऑफिसला कागद पाहून आकडे बदलायचा अधिकार असतो. आमच्या भाषेत त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. नोकरीवरून काढल्याचं पत्र, बेकारभत्त्याचा कागद, या वर्षीच्या पगारपावत्या आणा. हे आपोआप होत नाही, मागावं लागतं. निर्णय ऑफिसचा असतो, आणि तो नेहमी तुमच्या बाजूने लागेलच असं नाही.

भावाने किंवा बहिणीने स्पॉन्सर केल्यावर बरीच वर्षं थांबून नुकतीच इथे आलेली कुटुंबं वेगळ्याच पेचात असतात. त्यांचं २०२४ चं उत्पन्न भारतातलं. ते लपवायचं नाही आणि शून्यही लिहायचं नाही. फॉर्म भरता त्या दिवसाच्या दराने रुपयांचे डॉलर करून हाताने भरायचं. भारतातलं आयकर विवरणपत्र जवळ ठेवा, तपासणीत मागितलं जातं.

पुण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या फ्लॅटबद्दलही तेच. तुम्ही राहता ते घर मालमत्तेत मोजत नाहीत, दुसरं मोजतात, मग ते कुठल्याही देशात असो. (मालमत्तेचे प्रश्न सगळ्यांनाच विचारत नाहीत. कमी उत्पन्नाच्या बऱ्याच घरांना ते दिसतही नाहीत.)

आणखी एक गैरसमज चटकन सांगून टाकते. मुलगा वेगळा राहतो, स्वतःचा टॅक्स भरतो, म्हणून तो 'स्वतंत्र' होत नाही. चोवीस वर्षांखालचा, अविवाहित, मूलबाळ नसलेला विद्यार्थी साधारणपणे आईवडिलांवर अवलंबूनच धरला जातो. घरात छळ असेल किंवा आईवडिलांशी संबंधच तुटले असतील तर गोष्ट वेगळी. ती खिडकीवर उभं राहून सांगावी लागत नाही, आत खोली आहे.

कॉलेजचा ईमेल

मुलं कॉलेजचा ईमेल उघडत नाहीत. एवढंच लिहून थांबले तरी चालेल. व्हेरिफिकेशनचं (फॉर्ममधली माहिती कागदांवरून तपासण्याचं) पत्र तिथे येतं, कागदांची यादी विद्यार्थ्याच्या पोर्टलवर असते, आणि कागद येईपर्यंत आमच्याकडून एक डॉलरही सुटत नाही. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत खोट्या विद्यार्थ्यांच्या नावाने एड लाटण्याचे प्रकार इतके वाढले की आता ओळख पटवण्याचे कागद जास्त मागतात. संशय तुमच्यावर नसतो, पण उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

अशीच दुर्लक्षित राहणारी दुसरी गोष्ट म्हणजे फॅफ्सावर घालायचा कॉलेजचा कोड. फूटहिल आणि डी अँझा एकाच डिस्ट्रिक्टमधली कॉलेजं आहेत, तरी फॅफ्सासाठी दोघांचे कोड वेगळे. दोन कॉलेजांत वर्ग घेतलेत तरी पेल एका वेळी एकाच कॉलेजातून मिळते. कुठून घ्यायची ते आधी ठरवा.

वर्ग सोडण्याआधी

आता न सुटणाऱ्या चुका.

एक मुलगा होता. पहिलंच सेमिस्टर, बारा युनिटं, पूर्ण पेल. पाचव्या आठवड्यात सांगलीला आजोबा गेल्याचा फोन आला आणि घरातले सगळे तीन दिवसांत विमानात बसले. परत यायला महिना लागला. दरम्यान प्राध्यापकांनी गैरहजेरीमुळे त्याला सगळ्या वर्गांतून काढून टाकलं. तो माझ्यासमोर आला तो हातात एक बिल घेऊन. "मॅडम, मी तर काहीच केलं नाही," म्हणाला. खरं होतं. त्याने काहीच केलं नव्हतं, आणि तिथेच घोटाळा झाला होता.

नियम असा आहे. सेमिस्टरचा ६० टक्के काळ होण्याआधी सगळे वर्ग सुटले, तर जितके दिवस शिकलात तितकीच एड तुमची, उरलेली परत जाते. सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरला ही रेषा दहाव्या आठवड्याच्या आसपास पडते. परतीच्या रकमेतला जो भाग कॉलेजला भरावा लागतो, तो कॉलेज तुमच्याकडून वसूल करतं, आणि बिल चुकेपर्यंत पुढच्या नोंदणीवर होल्ड.

जायच्या आधी त्याने दोन ओळींचा ईमेल केला असता, तर एखादा वर्ग ऑनलाइन चालू ठेवता येतो का, सेमिस्टरच्या उत्तरार्धात सुरू होणारा छोटा कोर्स घेता येईल का, प्राध्यापक इनकम्प्लीट (राहिलेलं काम नंतर पुरं करायची मुभा) द्यायला तयार आहेत का, हे आम्ही पाहिलं असतं. एक वर्ग जरी टिकला असता तरी हिशेब वेगळा झाला असता. शेवटी त्याला हप्ते बांधून दिले. बिल मात्र राहिलं.

एखादाच वर्ग सोडतानाही थांबा. पेल आता युनिटांच्या प्रमाणात मिळते. बारा युनिटांना पूर्ण, नऊला ७५ टक्के, सहाला निम्मी. सेमिस्टरच्या सुरुवातीला, युनिटांची मोजणी पक्की होण्याआधी वर्ग सोडला तर रक्कम कमी होते. उशिरा सोडला तर प्रगतिपुस्तकावर डब्ल्यू (वर्ग सोडल्याची खूण) लागतो, आणि तो पुढच्या नियमाला टोचतो.

तो नियम म्हणजे समाधानकारक प्रगती. साधारणपणे ग्रेडची सरासरी (जीपीए) किमान २.० हवी, घेतलेल्या युनिटांपैकी ६७ टक्के पास व्हायला हवीत, आणि कोर्सला लागणाऱ्या युनिटांच्या दीडपटीच्या आत तो संपायला हवा. डब्ल्यू 'घेतलेल्या'त मोजला जातो, 'पास'मध्ये नाही. बारा घेतली, सहाच पास झाली, की ५० टक्के. अशी दोन सेमिस्टरं झाली की सहसा एड थांबते.

मग अपील करायचं. मुलांची अपीलं वाचताना मला शाळेतली माफीपत्रं आठवतात. "यापुढे मी मन लावून अभ्यास करेन." याने काहीही होत नाही. समितीला तीन गोष्टी हव्या असतात. काय झालं, त्याचा कागद कुठे आहे, आणि आता काय बदललं. आई आजारी होती, हे डॉक्टरचं पत्र. आता मावशी येऊन राहिली आहे, मी रात्रपाळी सोडली आहे, आणि समुपदेशकाबरोबर बसून हा पुढच्या दोन सेमिस्टरचा आराखडा केला आहे. असं पानभर अपील दहा पानांच्या पश्चात्तापापेक्षा वजनदार असतं.

कधी यायचं

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रांग दारापर्यंत असते आणि माझा आवाज बसलेला असतो. फॅफ्सा साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो. राज्याच्या कॅल ग्रँटची मुख्य मुदत २ मार्च. ती हुकली तर कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना २ सप्टेंबरची दुसरी संधी असते. फॉर्म फुकट आहे. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह' नसेल आणि पैसे मागत असतील तर ती साइट बंद करा. एड येईपर्यंत खाण्याचे वांधे असतील तर कॅम्पसवरच्या बेसिक नीड्स सेंटरचा पत्ता आमच्याच खिडकीवर मिळेल. एप्रिलमधल्या एखाद्या बुधवारी सकाळी या. खिडकी रिकामी असते. येताना सोशल सिक्युरिटी कार्ड, ग्रीन कार्ड असेल तर ते, टॅक्सचे कागद आणि कॉलेजच्या ईमेलचा पासवर्ड आणा. पासवर्ड बहुतेकांच्या लक्षात नसतो, म्हणून त्याचा फॉर्म मी खिडकीवरच ठेवला आहे.