हिरवा त्रिकोण बघून बॅरलात हात घालू नका: आडसाली लागणीसाठी सल्ला

उसाच्या आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टमधल्या, लागणीची घाई सुरू झाली आहे. करवीर, कागल, शिरोळ, कुठंही बांधावरून चाललं की तेच दिसतं. सऱ्या सोडलेल्या, कडेला बेण्याचा ढीग आणि मधोमध कापलेलं प्लास्टिकचं बॅरल. बॅरलात बेणेप्रक्रियेच्या औषधाचं दुधाळ पाणी. बायका कांड्या त्यात टाकतात, कोपरापर्यंत हात घालून खालच्या वर करतात आणि पाटीत भरतात. दुपारी त्याच हातांनी भाकरीचं गठुडं सुटतं. गेल्या हंगामात आमच्या शिवारात एका पोरीला मी म्हटलं, अगं हातमोजे तरी घाल. तिनं औषधाच्या पुड्यावरचा हिरवा त्रिकोण माझ्यापुढं धरला. "हिरवं हाय की वो काका. हिरव्यानं काय हुतंय?"

तिचं काही चुकलं नव्हतं. हिरवा म्हणजे सौम्य, एवढंच आपण सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं आहे. पण तो त्रिकोण मुख्यतः एवढंच सांगतो, की औषध एका दमात पोटात गेलं तर किती मात्रेत जीव जातो. प्रयोगातले निम्मे उंदीर मरायला वजनाच्या किलोमागे ५,००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त औषध लागलं, की रंग हिरवा. ५० मिलिग्रॅमपर्यंतच मेले तर लाल. थोडं थोडं औषध वर्षानुवर्षं अंगात गेलं तर हार्मोनचं काय होतं, पोटातल्या बाळाचं काय होतं, हे त्या रंगावरून कळत नाही.

हार्मोन किती कमी मात्रेत काम करतं, हे ऊसवाल्याला वेगळं शिकवायला नको. आपण जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड, पिकाची वाढ करणारं हार्मोन) फवारतो तेव्हा १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकलं की १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) होतं, आणि तेवढ्यावर पीक ताणलेलं आपण डोळ्यांनी बघतो. माणसाच्या अंगातली हार्मोन तर याच्याही कितीतरी पट कमी मात्रेत चालतात. थायरॉइड, पाळी, वीर्य, गर्भाची वाढ, सगळं त्यांच्यावर. काही रसायनं या हार्मोनची नक्कल करतात, काही त्यांची वाट अडवतात, काही ती तयारच होऊ देत नाहीत.

बेणेप्रक्रियेचं बुरशीनाशक कार्बेन्डाझिम हिरव्या त्रिकोणाचंच. युरोपात त्याची नोंद जननक्षमतेला आणि गर्भाला अपाय करणारं अशी आहे. भाजीपाल्यावर सर्रास मारलं जाणारं बुरशीनाशक मॅन्कोझेबही हिरवंच. थायरॉइड आणि हार्मोनवरच्या परिणामांमुळं युरोपीय संघानं २०२० साली त्याची मान्यता पुढं चालू ठेवली नाही. आपल्याकडं त्याच वर्षी केंद्र सरकारनं २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यात ही दोन्ही होती आणि उसातलं तणनाशक अ‍ॅट्राझीनही होतं. तिन्ही आजही दुकानात मिळतात. म्हणून काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

बेणेप्रक्रिया सोडू नका, तिची गरज आहे. फक्त हात बाहेर ठेवा. कांड्या कांद्याच्या जाळीदार पोत्यात भरा, पोत्याला दोरी बांधा आणि पोतं बॅरलात सोडा. १०० लिटर पाण्याला १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम, १० मिनिटं. पोतं वर काढून बॅरलावरच निथळू द्या आणि कांड्या सावलीत सुकवा. त्यानंतर दुसऱ्या बॅरलात १०० लिटरला १० किलो नत्र देणारं जिवाणूखत अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ३० मिनिटं. हा क्रम उलटा करू नका, औषधानं जिवाणूंना अपाय होऊ शकतो. लागण करणाऱ्यांना नायट्राइलचे मोजे द्या. कापडी मोजा औषध शोषतो आणि दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतो. उरलेलं पाणी ओढ्यात ओतू नका, त्याच रानात पांगवा.

गरोदर बाईला या कामावर बोलवू नका, हे तर झालंच. पण गर्भाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे तर दिवस गेल्याचं तिचं तिलाही कळलेलं नसतं. त्यामुळं नव्या सुना आणि तरण्या पोरींना बॅरलापासून लांबच ठेवा. रोपवाटिकेतही उसाचे डोळे (कोंब फुटणारे तुकडे) औषधात बुडवायला बहुतेक बायकाच असतात. रोपं आणायला गेलात तर तिथंही हे बोला.

आता तणनाशक. लागणीनंतर तीन-चार दिवसांत ओल्या रानावर अ‍ॅट्राझीन मारायचं, ही आपली जुनी सवय. हे औषध मातीला घट्ट धरून बसत नाही, पाण्याबरोबर चालतं. मारल्यावर पहिलाच मोठा पाऊस पडला की ओढा, भोगावती, पंचगंगा आणि नृसिंहवाडीला कृष्णा. वाटेत किती गावांच्या जॅकवेल (नदीचं पाणी उपसायच्या विहिरी) आहेत ते मोजा. तुरटी-ब्लीचिंगनं ते निघत नाही, पाणी उकळूनही जात नाही. भूजलात सापडत राहिलं म्हणून युरोपीय संघानं २००४ मध्ये ते बंद केलं. अमेरिकेत २००२ साली प्रयोगशाळेतल्या बेडकांवर ०.१ पीपीबीला (अब्ज भागांत ०.१ भाग) नरांमध्ये मादीचे अवयव दिसले. पुढं कंपनीच्या पैशावर झालेल्या अभ्यासात तसं आढळलं नाही, वाद झाला. पण ०.१ पीपीबी म्हणजे किती? तीस फूट व्यासाच्या, चाळीस फूट पाण्याच्या बारा विहिरींत मिळून एक ग्रॅम. वाद मिटेपर्यंत ओढ्याकडेला ते मारायचं नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

मारणारच असाल तर हवामान खात्याचा अंदाज बघा. दोन दिवसांत जोराचा पाऊस असेल तर पंप खाली ठेवा. ओढा, विहीर, पाणंदीची चर यांच्याकडेला निदान तीस फूट पट्टा सोडा आणि तिथं गवत राहू द्या, ते वाहतं पाणी अडवतं.

भांगलणीला माणूस मिळत नाही आणि मिळालं तर परवडत नाही, हे मलाही दिसतंय. तरी साडेचार-पाच फुटी सरी असेल तर मधल्या पट्ट्यात ताग किंवा धैंचा टोका. तणाला ऊन मिळत नाही, आणि फुलावर यायच्या सुमाराला, साधारण दीड महिन्यानं, गाडला की खतही होतं. सोयाबीन, भुईमूग घेतला तरी रान झाकतं. बाकीचं कोळपं किंवा पॉवर टिलर. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट, म्हणजे वाळलेला पाला, जाळलं नाही तर तणनाशकाची गरज बरीचशी संपतेच.

फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात घालू नका, नदीवर तर नकोच. वेगळ्या बादलीत, मोजे घालून धुवा. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग डब्याला खिळ्यानं भोकं पाडा. गोठ्यात म्हशीच्या पाण्यासाठी किंवा पेंड मोजायला असा कापलेला डबा ठेवला असेल, तर तो आजच काढा.