प्रेअरी ड्रॉपसीड लावताय? मग तीन वर्षं धीर धरा

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये घर घेतलं की दर शनिवारी लॉन कापणं नशिबी येतंच. त्यातला उन्हाचा एक पट्टा तरी प्रेअरी ड्रॉपसीडला देऊन बघा. हे तिथल्याच माळरानांचं बहुवर्षायू गवत. उणे ३० अंशांच्या थंडीतही मुळं शाबूत राहतात. शिकागोत २००४ साली खुल्या झालेल्या ल्युरी गार्डनमध्ये ते बघायला मिळतं. उन्हाळा सरता सरता तुरे आले की धण्यांसारखा वास सुटतो. काहींना तोच वास पॉपकॉर्नचा वाटतो! म्हणून शक्यतो पायवाटेच्या कडेलाच लावा.

जागेला दिवसाचं किमान सहा तास ऊन हवं आणि पाणी साचायला नको. हलकी, खडकाळ जमीन उत्तम. चिकण मातीही चालते. खत मात्र घालू नका, या गवताला त्याची गरज नाही.

बियांपासून करायचं तर आधी त्यांना थंडी दाखवावी लागते. ओलसर वाळूत मिसळून पिशवीत भरा आणि दोनेक महिने फ्रिजमध्ये ठेवा, किंवा हिवाळ्याच्या तोंडावर थेट जमिनीत पेरा. एवढं करूनही उगवण रडतखडतच होते. माझं मत विचाराल तर नर्सरीतून छोटी रोपंच आणा.

कडाक्याची थंडी ओसरली की, शिकागोकडे साधारण मेच्या मध्यावर, लागवड करा. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर सोडा. आत्ता ते फार वाटेल, पण पुढे एकेका ठोंबाचा घेर तेवढा होतो. रोप कुंडीत जितकं खोल होतं तितकंच जमिनीत ठेवा. बुंध्यावर माती किंवा मल्च (ओल टिकावी म्हणून पसरतात तो पालापाचोळ्याचा किंवा लाकडाच्या सालींचा थर) चढवू नका. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सावकाश, खोलवर पाणी द्या. मुळं धरल्यावर एरवी पावसावर भागतं.

खरी परीक्षा यानंतर. पहिल्या वर्षी दिसतात ती चार केविलवाणी पाती, आणि तण तेवढं जोमात. नेमकी इथेच माणसं कंटाळतात आणि सगळं उपटून टाकतात. दर पंधरवड्याला खुरपं फिरवा, पण जपून. कोवळं गवत आणि तण पटकन ओळखू येत नाही. ठोंब नीट भरायला तीन वर्षं सहज लागतात.

शरदात पाती सोनेरी-नारिंगी होतात. तेव्हा कापू नका, हिवाळाभर तशीच उभी राहू द्या. बिया पक्ष्यांच्या कामी येतात. फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये, नवे कोंब फुटण्याआधी, ठोंबाला सुतळीने आवळा आणि जमिनीपासून तीन इंचांवर कापा. सुतळीमुळे पेंढी आख्खी हातात येते, अंगणभर काड्या वेचत बसावं लागत नाही.

ठोंब फोडून शेजाऱ्यांना वाटायचा विचार असेल, तर मुळांचं जाळं इतकं घट्ट असतं की फावडंही दमतं. त्यापेक्षा त्यांना नर्सरीचा पत्ता द्या.