वीज कार्यालयात आधी कुठल्या टेबलावर जायचं?

उपविभागात बिलिंगच्या टेबलावर माझी २२ वर्षं गेली. रोज कुणीतरी चुकीच्या दारात उभा असायचा, म्हणून सांगते.

६ जून २००५ ला महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचं (एमएसईबी) विभाजन होऊन वेगळ्या कंपन्या झाल्या. वीज बनवणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण आणि तुमच्या मीटरशी संबंध असलेली महावितरण. लोक अजून 'एमएसईबी'च म्हणतात, मीही म्हणते.

तुमचं काम सुरू होतं शाखा कार्यालयात. तिथे कनिष्ठ किंवा सहायक अभियंता आणि त्याच्या हाताखाली तंत्रज्ञ, म्हणजे आपला लाईनमन. डीपीचा (रस्त्यावरच्या वीजपेटीचा) फ्यूज गेला, तार लोंबतेय, तर इथे सांगा किंवा १९१२ ला फोन करा. लाईनमन लगेच खांबावर चढत नाही म्हणून ओरडू नका. उपकेंद्रातून परमिट (लाईनवर काम करायची परवानगी) घेऊन, लाईन बंद झाल्याशिवाय त्याने हात लावायचा नसतो.

बिल, नावबदल, नवी जोडणी असेल तर उपविभाग गाठा. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आधी सांगा, घराण्याची हकीकत नंतर! अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

उपविभागाच्या वर विभाग (कार्यकारी अभियंता), मंडळ कार्यालय (अधीक्षक अभियंता), परिमंडळ (मुख्य अभियंता). थेट मुख्य अभियंत्याला अर्ज दिलात तरी तो खाली उतरत उतरत बहुतेकदा आमच्याच टेबलावर यायचा. तरीही न्याय नाही मिळाला, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल.