लग्नात बाटलीबंद पाणी नको असेल, तर पाण्याचं खातं असं सांभाळा

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात लग्नकार्याची भांडी आमच्या बचत गटाकडून जातात, आणि भांड्यांबरोबर पाण्याचं खातंही बहुतेक वेळा आमच्याच गळ्यात येतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मंडपामागं काय उरतं ते मी जवळून बघते. २०० मिलीच्या बाटल्या. दोन घोट घेऊन खुर्चीखाली सोडलेल्या, निम्म्या भरलेल्या. भंगारवाला बाटल्या किलोवर घेतो, पण या इतक्या हलक्या की पोतं भरलं तरी हातात फार काही पडत नाही, शिवाय आतलं पाणी ओतत बसायचं. मग त्या पेटवल्या जातात, नाहीतर ओढ्याला जातात. मंडप रानात घातला असेल, तर पुढच्या नांगरटीला रोटरखाली त्यांचे तुकडे होतात आणि उसाच्या सरीत निघत राहतात. हे थांबवता येतं. फक्त आधीपासून हिशेब धरावा लागतो.

ठरवायची वेळ म्हणजे सुपारीची बैठक. याद्या होतात, मानपान ठरतो, तेव्हाच दोन्ही बाजूंच्या समोर सांगा की पाणी तांब्या-पेल्यानं देणार. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी हा विषय काढला तर वरपक्षाला वाटतं, मुलीकडच्यांनी हात आखडला. आधी सांगितलं की कुणी वाईट मानत नाही. आचाऱ्याशी किंवा केटररशी बोलताना ताटाच्या दरात बाटली धरली आहे का ते विचारा. बहुतेकदा धरलेली असते. ती काढून दर किती कमी होतो ते लिहून घ्या. मंगल कार्यालय असेल तर तिथं फिल्टर किती लिटरचा आहे आणि स्टीलचे पेले किती आहेत ते स्वतः जाऊन मोजा, फोनवर विचारू नका.

बैठकीत एक मावशी किंवा काका हमखास म्हणतात, बाटलीतलं पाणी शुद्ध असतं. त्यांना शांतपणे सांगा. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. एका लिटरमागे प्लास्टिकचे सरासरी २ लाख ४० हजार कण निघाले, तेही बहुतेक डोळ्यांना न दिसणारे. आणि आपल्याकडे त्या पेट्या वैशाखात टेम्पोच्या हौद्यात उन्हात तापत येतात.

कागदी पेले हा काही उपाय नव्हे. त्यांच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणूनच ते गळत नाहीत. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाल्यावर लोक थर्माकोल सोडून त्यांच्याकडे वळले, पण उकिरड्यावर ढीग तेवढाच राहिला. स्टीलच घ्या.

आता पाणी. विहिरीचं किंवा नळाचं पाणी वापरणार असाल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला चार दिवस आधी गाठा. गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळालेलं असतं, ते कोणतं आहे विचारा. लाल असेल तर ते पाणी लग्नाला वापरायचंच नाही, शुद्ध पाण्याच्या प्लान्टवरून आणायचं. टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, किती टाकायचं तेही जलसुरक्षकच ठरवेल, अंदाजानं मूठ टाकू नका. टीसीएल घातल्यावर किमान अर्धा तास पाणी तसंच ठेवायचं आणि मग ओटी चाचणी करायची, ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन नावाचं क्लोरीन तपासायचं औषध. छोट्या काचनळीत पाणी घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं. पिवळं झालं, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. रंगच आला नाही तर ते पाणी प्यायला द्यायचं नाही. नळीतलं पाणी मात्र लांब ओतून टाका, ते औषध पोटात जाता कामा नये. ही चाचणी मी चार माणसांना बोलावून, त्यांच्या डोळ्यांदेखत करून घेते. पिवळा रंग बघितला की पाण्याबद्दलच्या शंका तिथंच मिटतात.

किती पाणी लागेल? वैशाखात दुपारच्या मुहूर्ताला माणशी दीड लिटर धरा, थंडीच्या दिवसांत पाऊण लिटर पुरतं. म्हणजे ५०० माणसांना उन्हाळ्यात ७५० लिटर, २० लिटरचे ३८ जार. सगळे एकदम आणू नका. दोन वाटे सकाळी आणि उरलेला तिसरा अक्षता पडायच्या सुमारास आला की पाणी थंड राहतं. भांडी धुवायचं पाणी यात धरलेलं नाही, त्याला वेगळी टाकी लागते.

पेल्यांचा हिशेब लोकांचा नेहमी चुकतो. पंगतीला १५० बसणार म्हणून १५० पेले मागतात. १५० पंगतीत, तेवढेच धुण्यात आणि १०० पाण्याच्या ठिकाणी, असे ४०० लागतात. पेला २०० मिलीचाच घ्या. मोठा पेला वाढपी काठोकाठ भरतो आणि अर्धं पाणी ताटात ओतलं जातं. आमच्या गटाच्या प्रत्येक पेल्यावर कडेला नाव घातलेलं आहे आणि बुडाशी आकडा आहे. लग्नघरात पाच जणांची भांडी एकत्र येतात, सगळे पेले सारखेच दिसतात. रात्री कंदील धरून कुणाचा कुठला हे शोधण्यापेक्षा आधी नाव घालून घेतलेलं बरं.

धुण्याच्या जागेवर दोन बायका आणि तीन घमेली. पहिल्यात नुसतं खळबळायचं, दुसऱ्यात साबणाचं पाणी, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. तिसऱ्या घमेल्यातलं पाणी दर पंगतीला बदलायचं, इथं कंजुषी नको. पेले पुसायचे नाहीत. फडकं एकदा ओलं झालं की तेच सगळ्या पेल्यांना लागतं. जाळीच्या क्रेटमध्ये उपडे घालून ठेवले की निथळतात.

पाण्याची ठिकाणं निदान तीन असावीत: मंडपाच्या तोंडाशी, बायका बसतात त्या बाजूला आणि जेवणाच्या वाटेवर. हात धुवायच्या जागेपासून ती लांब ठेवा, नाहीतर लोक प्यायच्या पाण्यानं हात धुतात. नळ असलेलं पिंप ठेवा आणि पोरांचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर ठेवा. उष्टे पेले टाकायला शेजारी रिकामी पाटी हवी. ती नसली की पेले गवतात, झाडाखाली, कुठंही जातात. आणि प्रत्येक ठिकाणी एक जबाबदार पोरगं उभं करा. लोक बाटली का उचलतात? कुणीतरी ती हातात देतं म्हणून. तसाच कुणी हसून भरलेला पेला पुढं केला, की बाटलीची आठवण कुणाला होत नाही. म्हाताऱ्या माणसांना तर जागेवर पेला मिळालेला जास्त आवडतो.

वऱ्हाडाच्या गाडीचं वेगळं बघावं लागतं, कारण बाटल्यांच्या पेट्या तिथूनच सुरू होतात. पत्रिकेच्या खाली, नाहीतर व्हॉट्सॲपच्या निरोपात एक ओळ घाला: येताना आपापली पाण्याची बाटली आणावी. गाडीत मागं दोन जार ठेवा आणि जारच्या कानाला सुतळीनं नरसाळं बांधून टाका. अरुंद तोंडाच्या बाटलीत जारमधून पाणी ओतताना अर्धं गाडीत सांडतं, नरसाळ्यानं ते वाचतं.

बाटली नवीन घेणार असाल तर एकपदरी स्टीलची घ्या. ती हलकी असते आणि पडली तर पोचा येतो, फुटत नाही. आत हात जाईल किंवा निदान ब्रश फिरेल एवढं तोंड हवं. झाकणातली रबरी रिंग निघते का ते दुकानातच काढून बघा. वास येतो तो त्या रिंगेखालच्या बुरशीचा, बाटलीचा नव्हे. आठवड्यातून एकदा रिंग काढून गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं धुवा, मग झाकण उघडं ठेवून बाटली उपडी वाळवा. तांब्याच्या बाटलीत लिंबू सरबत, कोकम, ताक घालू नका, आंबटानं तांबं पाण्यात उतरतं. विकतच्या पाण्याची रिकामी बाटली महिनोन् महिने भरून वापरायची सवयही सोडा. ती एकदा वापरण्यासाठी बनवलेली असते आणि आतून घासता येत नाही.

एवढं करूनही काही पाहुणे बाहेरून बाटल्या घेऊन येतीलच. त्यांना टोकू नका. मंडपाच्या तोंडाशी एक पोतं बांधून ठेवा, उरलेलं पाणी झाडाला घाला, बाटली पिळून हवा काढा आणि झाकण लावून पोत्यात टाका. पिळलेल्या बाटल्या पोत्यात कितीतरी जास्त मावतात, आणि पोतं जड झालं की भंगारवालाही ते खुशीनं उचलतो.