घरचं जेवण पौष्टिक, स्वस्त आणि पृथ्वीला कमी भार देणारं कसं करावं?

पौष्टिक खायचं तर महाग पडतं आणि पर्यावरणाचा विचार केला तर आणखी महाग, असा समज पक्का झालेला आहे. दुकानातल्या 'हेल्दी' पदार्थांची पाकिटं पाहिली की तो खराही वाटतो. पण त्या पाकिटांशिवाय काम भागतं. घरात काय वाया जातं आणि प्रथिनं कशातून येतात, या दोन गोष्टी आधी मार्गी लावा. खर्च, तब्येत आणि पर्यावरण या तिन्हींचा मोठा वाटा त्यांच्यातच आहे.

१. आधी केराचा डबा तपासा

आहारतक्ता करण्याआधी एक आठवडा फक्त नोंद ठेवा. फ्रीजच्या दारावर कागद लावा आणि त्याला पेन दोरीनं बांधून टाका, नाहीतर दुसऱ्याच दिवशी पेन गायब होतं. अन्न टाकताना तीन गोष्टी लिहायच्या: काय टाकलं, साधारण किती, आणि का. त्यातलं 'का' सगळ्यात कामाचं. 'भात जास्त झाला', 'पालेभाजी मागे राहिली, दिसलीच नाही', 'मुलांनी हात लावला नाही', 'ऐन वेळी बाहेर जेवलो' अशी कारणं लिहिलीत की आठवड्याच्या शेवटी दोन-तीनच पुन्हा पुन्हा आलेली दिसतात. उपाय तेवढ्यांवरच करायचा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. हॉटेलं आणि दुकानं त्यानंतर येतात. कचराभूमीत दबलेलं अन्न हवेविना कुजतं आणि त्यातून मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू निघतो. खत करणं त्यापेक्षा नक्कीच चांगलं. पण ते अन्न पिकवायला लागलेलं पाणी आणि इंधन खतातून परत येत नाही. तेव्हा सालं आणि देठं खताला, शिजवलेलं अन्न पोटात, असा हिशेब ठेवा.

२. सात दिवसांचा बेत आखू नका

चार-पाच दिवसांचाच आखा. एक वेळ उरलेल्याची आणि एक ऐन वेळच्या बदलांसाठी मोकळी सोडा. सातही दिवस भरलेले असले की एक बेत मोडतो आणि त्याची भाजी फ्रीजमध्ये सुकत बसते. यादी करायची ती फ्रीज आणि डबे उघडून बघितल्यावर. आणलेल्या भाज्या नासण्याच्या क्रमानं संपवा: आधी पालेभाज्या, मग टोमॅटो, शेंगा, आणि कोबी, गाजर, भोपळा शेवटी. बटाटे आणि कांदे एका टोपलीत ठेवू नका; जवळजवळ ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात.

३. प्रथिनांचा मुख्य स्रोत बदला

इथे जरा रेंगाळायला हवं, कारण सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला. त्यातल्या सरासरीप्रमाणे, मांसासाठी पाळलेल्या गुरांपासून १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायला जवळजवळ ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके पृथ्वी तापवणारे वायू हवेत जातात. तेवढीच प्रथिनं वाटाण्यातून घेतली तर अर्ध्या किलोहूनही कमी. अंडी आणि कोंबडी या दोन टोकांच्या मध्ये असली तरी वाटाण्याच्या बाजूला बरीच झुकलेली. शेंगवर्गीय पिकं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीनं हवेतला नायट्रोजन वापरतात, म्हणून त्यांना नत्रखत फारसं लागत नाही.

पैशाच्या दृष्टीनंही सुकी कडधान्यं परवडतात. शिजल्यावर त्यांचं वजन दुपटीहून जास्त होतं आणि कोरड्या डब्यात ती कित्येक महिने टिकतात. अडचण असते ती वेळेची. त्यावर उपाय म्हणजे एकदाच जास्त शिजवायची. रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, सकाळी ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरला लावा. दाणा झाला का हे बघायला तो अंगठा आणि बोटात दाबायचा: सहज चेपला गेला आणि आत पांढरा टणक कण लागला नाही, तर झाला. निवल्यावर एका जेवणापुरते वाटे करून फ्रीझरमध्ये टाका. राजमा मात्र कच्चट ठेवू नका. त्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. तो भिजवून, खळखळत्या पाण्यात निदान दहा मिनिटं उकळून मगच पूर्ण शिजवायचा. मंद आचेच्या भांड्यात थेट टाकणं धोक्याचं.

मांस खाणाऱ्या घरात ते एकदम बंद करायला जाल तर दोन आठवड्यांत बेत कोसळेल. नेहमीच्या पदार्थात मांस निम्मं करा आणि बाकीच्या जागी कडधान्य घाला. धान्य आणि कडधान्य एकमेकांच्या अमिनो आम्लांची (प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची) उणीव भरून काढतात; ती एकाच घासात हवीत असं नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरे. वनस्पतींतलं लोह अंगी लागण्यासाठी सोबत लिंबू, टोमॅटो किंवा आंबट फळ घ्या आणि चहा-कॉफी जेवणाला चिकटून पिऊ नका. प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्वाची गोळी किंवा ते मुद्दाम घातलेले पदार्थ घ्यावेतच. इथे काटकसर नको.

४. बाकीचं ताट

भाज्या-फळं मिळून माणशी दिवसाला निदान ४०० ग्रॅम आणि मीठ ५ ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फ्रोझन भाज्यांना नाक मुरडू नका. त्या काढणीनंतर लगेच गोठवलेल्या असतात आणि वायाही जात नाहीत. धान्य शक्यतो कोंड्यासकट.

५. डोक्याला ताप कशाचा नको

माल किती लांबून आला याची चिंता लोक जरा जास्तच करतात. अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सहसा छोटा असतो. अपवाद विमानानं येणाऱ्या मालाचा: हंगाम नसताना दूरदेशाहून आलेली नाजूक फळं-भाज्या. त्या टाळाव्यात. सेंद्रिय माल परवडत असेल तर घ्या. पण त्यापायी भाजीच कमी आणावी लागत असेल तर तो सौदा तोट्याचा.

६. उरलेलं नीट सांभाळा

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा. भाताबाबत विशेष जपा, कारण त्यातल्या काही जिवाणूंनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. डब्यावर तारीख लिहा, तीन दिवसांत संपवा, आणि खाताना वाफा येईपर्यंत गरम करा. 'आधी हे खा' असा एक डबा फ्रीजमध्ये अगदी समोर ठेवा. पाकिटावर 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' असेल तर ती चवीची मुदत असते. त्यानंतर वास आणि रंग बघून ठरवता येतं. 'या तारखेपर्यंतच वापरा' असं असेल तर ती ओलांडू नका.

७. मुलांचं काय?

नवीन पदार्थ मुलांच्या पानात चमचाभरच वाढा, शेजारी त्यांच्या आवडीचं काहीतरी असू द्या आणि खाण्याचा आग्रह धरू नका. आवड लागायला आठ-दहा वेळा चव घ्यावी लागू शकते, कधी त्याहून जास्त. नकार आला तर चार दिवसांनी तोच पदार्थ पुन्हा चमचाभर वाढायचा. तेवढ्यानं वायाही फारसं जात नाही.