शेरा नको, संवाद हवा: सरकारी माध्यमिक शाळेतल्या मुख्याध्यापकांसाठी

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या हायस्कुलात मुख्याध्यापकाच्या हाती ना कोणाची पगारवाढ असते, ना मनासारखी नेमणूक. बक्षीस आणि धाक दोन्ही तोकडे पडतात. नेतृत्वाचे अभ्यासक बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये विस्ताराने मांडलेलं परिवर्तनकारी नेतृत्व इथे उपयोगी पडतं: स्वतःच्या वागण्यातून विश्वास, सर्वांना पटलेलं ध्येय, विचाराला चालना आणि प्रत्येक शिक्षकाकडे स्वतंत्र लक्ष. हे सगळं भाषणात नव्हे, पाठनिरीक्षणात, म्हणजे वर्गात बसून शिक्षकाचा पाठ पाहण्यात, दिसतं.

सुरुवात स्वतःपासून करा. जी तुकडी घ्यायला कोणी तयार नसतं, तिची एक तासिका स्वतःकडे घ्या आणि शिक्षकांना मागच्या बाकावर बोलवा. आधी तुमचा पाठ पाहिला जाऊ द्या, मग इतरांचा पाहा.

वर्षासाठी ध्येय एकच. समजा, नववीच्या मुलांना परिच्छेद वाचून स्वतःच्या शब्दांत सांगता यावा. दहा ओळींचा उतारा आणि पाच प्रश्न देऊन जूनमध्येच चाचणी घ्या. निकाल शाळेचा म्हणून मांडा. शिक्षकांच्या नावानिशी फळ्यावर लावलात, तर पुढच्या चाचणीत गुण फुगतात आणि खरी स्थिती कळतच नाही.

आता निरीक्षण. बारा शिक्षक असतील तर आठवड्याला दोन पाठ. सहा आठवड्यांत फेरी पूर्ण होते. दिवस शिक्षकालाच ठरवू द्या. पूर्ण तासिका बसा. किती मुलं बोलली, त्यांत मुली किती, प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद थांबले, एवढंच टिपा. ‘अध्यापन समाधानकारक’ या शेऱ्याचा कोणालाच उपयोग नाही. त्याच दिवशी दहा मिनिटं बोला. आधी शिक्षक, मग तुम्ही. बदल एकच ठरवा आणि आठ-दहा दिवसांत तो पाहायला पुन्हा जा. दुसरी भेट चुकली की पहिलीचा अर्थ उरतो तो तपासणीचा.

या नोंदी लॉगबुकात नकोत. लॉगबुक हे शाळेचं अधिकृत दप्तर आहे, ते अधिकारी पाहतात. तिथे लिहिलं जाणार म्हटल्यावर शिक्षक पाठ करून ठेवलेला तास दाखवतात. साधी वेगळी वही ठेवा, आणि त्यातलं काही शिक्षकाच्या कामाच्या गोपनीय अहवालात नेणार नाही हे आधीच सांगा. दिलेला शब्द एकदा मोडला, तर वही बंद करावी लागेल.

शिक्षक सभेत परिपत्रकं वाचू नका. ती सूचनावहीत सह्यांसाठी फिरवा. त्यामुळे मोकळ्या झालेल्या चाळीस मिनिटांत मुलांच्या पाच वह्या मधे ठेवा आणि चूक नेमकी कुठे होते ते सगळ्यांनी शोधा.

शिक्षणसेवक, म्हणजे मानधनावरचा नवा शिक्षक, संगणक जाणतो म्हणून ऑनलाइन माहितीचं सगळं काम त्याच्याच गळ्यात पडतं. ते वाटून द्या, नाहीतर तो शिकवायला शिकणार कधी? निवृत्तीला आलेल्या शिक्षकांना सुधारणेचे धडे देण्यापेक्षा त्यांचा एखादा हातखंडा पाठ नव्यांना पाहायला लावा.

दुसऱ्या फेरीपासून निम्मी निरीक्षणं शिक्षकांनीच एकमेकांची करावीत. बदली तुमचीही होणार आहे.