ब्रॉयलरच्या (मांसासाठीच्या कोंबडीच्या) खाद्यात मांस-हाड भुकटी घातली की डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरस-कॅल्शियमची पूरक पावडर) किती कमी करायचे?

मांस-हाड भुकटीतला फॉस्फरस मुख्यतः हाडातला. तो फायटेटमध्ये (धान्यातल्या फॉस्फरसच्या सहज न पचणाऱ्या रूपात) अडकलेला नसतो, म्हणून फायटेजने (फायटेट फोडणाऱ्या एन्झाइमने) त्याचे पचन वाढत नाही. तरी ब्रॉयलरला तो शंभर टक्के पचतो असे धरू नका. हाडाचे कण जाड असतील किंवा खाद्यात कॅल्शियम जादा असेल तर पचन घसरते. आणि चूक बहुधा कॅल्शियमचीच होते.

समजा भुकटीत फॉस्फरस 5, कॅल्शियम 10 टक्के. टनाला 40 किलो घातल्यास 2 किलो फॉस्फरस, 4 किलो कॅल्शियम. 18 टक्के फॉस्फरसचे डीसीपी कागदावर 11 किलो वाचते. सुरुवातीला 8 किलोच कमी करा. त्यासोबत डीसीपीतले थोडे कॅल्शियमही जाते; तरी उरलेल्या जादा कॅल्शियमसाठी चुनखडी पावडरही साडेपाच किलोच्या आसपास घटवा. हे विसरले जाते! प्रत्येक लॉटची राख, कॅल्शियम, फॉस्फरस तपासा. पिशवीवरच्या आकड्यावर विसंबू नका.